काम आपलं, खेळ त्याचा: पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांसाठी

परभणीत आमच्या गल्लीत कुणाकडे नवीन पिल्लू आलं की दोन दिवसांत माझ्याकडे विचारणा होते, "दादा, हे शेकहँड कधी करंल?" तिसऱ्या आठवड्यात तोच माणूस पानटपरीवर भेटतो आणि म्हणतो, "लई डोक्याला ताप करायलंय हो. ऐकतच नाही." मधल्या दिवसांत काय झालं ते मला विचारावं लागत नाही. ड्यूटीवरून दमून यायचं, हातात साखळी घ्यायची आणि अर्धा तास "बस. बस! बस म्हणलं ना!" कुत्रं वैतागलेलं, माणूस त्याहून वैतागलेला.

मला हे कळतं, कारण माझ्या पहिल्या कुत्र्याला मी असंच शिकवायला गेलो होतो. खंडोबासोबत कुत्रं असतं म्हणून आमच्याकडे दर दुसऱ्या कुत्र्याचं नाव वाघ्या, तसं ह्याचंही. गावठी, तांबूस, एक कान पडका. मे महिन्यात संध्याकाळी पाचला मी त्याला मैदानावर न्यायचो. तो जांभया द्यायचा, ओठ चाटायचा, मधेच बसून मान खाजवायचा, वाळलं गवत हुंगत लांब जायचा. मी त्याला कामचुकार ठरवलं होतं. ही कुत्र्याची ताणाची लक्षणं असू शकतात, हे मला दोन वर्षांनी समजलं.

त्याच महिन्यात आईनं त्याला बसायला शिकवलं, आणि तिला पत्ताही नव्हता. ती चुलीपुढं भाकरी थापायची, वाघ्या उंबऱ्याशी यायचा. आत पाऊल टाकलं की आईचा हात थांबायचा. उंबऱ्याबाहेर बूड टेकलं की भाकरीचा पापुद्रा उडत त्याच्याकडे जायचा. ती एक शब्द बोलायची नाही, बोलायला वेळ कुठला? आठ दिवसांत हा उंबऱ्याबाहेर महादेवापुढच्या नंदीसारखा बसायला लागला. आई समजत होती आपण स्वयंपाक करतोय. वाघ्या बहुतेक समजत होता की आपण ह्या बाईला भाकरी टाकायला शिकवलं.

तेच कुत्रं, तेच बसणं. मैदानावर ते त्याला बिगारी वाटत होतं आणि उंबऱ्यावर खेळ. म्हणून "कुत्र्याला शिकवणं हे काम की खेळ" असं कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, कुणासाठी? माणसासाठी ते काम आहे आणि कामच राहणार. खाऊचे तुकडे करून ठेवायचे, वेळ साधायची, राग गिळायचा, घरातल्या पाच जणांना एकच शब्द वापरायला लावायचा. कुत्र्याला मात्र तो खेळ वाटला पाहिजे. बिघडतं तिथं, जिथं उलटं होतं. पाहुण्यांपुढं करमणूक आपली, आणि राबतं कुत्रं.

पुढचं सगळं त्या हिशोबानं लिहिलं आहे.

सुरुवात करण्याआधी

पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की शिकवायला हरकत नाही. "सहा महिने होऊ द्या, मग बघू" हा सल्ला जुन्या दांडगाईच्या पद्धतीतला आहे, तेव्हा गळ्याला झटके द्यायचे असत आणि ते सोसायला कुत्रं मोठं लागायचं. तुकड्यावर शिकवायला वय लागत नाही. उलट तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, ते त्याला आयुष्यभर साधं वाटतं. ह्या काळात त्याला ट्रॅक्टर, कुकरची शिट्टी, बँडबाजा, हेल्मेट घातलेला माणूस, फेटा बांधलेला माणूस, रडणारं लेकरू, सगळं लांबून आणि निवांत दाखवा.

पण कडेवर घेऊन. लसी पूर्ण व्हायच्या आत मोकाट कुत्र्यांच्या जागेत खाली सोडू नका, पार्व्हो नावाचा विषाणूचा आजार पिल्लाला दोन-तीन दिवसांत घेऊन जातो. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत, मग दर ३-४ आठवड्यांनी साधारण १६ व्या आठवड्यापर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर. पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. तालुक्याचा ढोरांचा दवाखाना ह्यासाठी चालतो. काही गुंतागुंत असेल तर मराठवाड्यात परभणी आणि उदगीर अशी दोन पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं न्या.

सामान थोडंच. रुंद कापडी गळपट्टा किंवा छातीचा पट्टा, दीड-दोन मीटरची हलकी दोरी, जुन्या सुती साडीची वेणी. गळा आवळणारी साखळी घेऊ नका. दुकानदार आग्रह करील, तरी घेऊ नका.

शब्द आधी ठरवा, आणि घरात भांडून ठरवा

ह्यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा थांबतो. आपल्या भाषेत कुत्र्याची पंचाईत फार होते. "बस" हाच शब्द घ्या. बसायला सांगायचं तर बस. पुरे म्हणायचं तर बस. लातूरला जायचं तर बस. जेवताना वाढणाऱ्याला "बस बस बस", भांडणात "बस झालं आता". दिवसातून पन्नास वेळा हा शब्द कुत्र्याच्या कानावर पडतो आणि त्यातला एखादाच त्याच्यासाठी असतो. त्यानं काय करावं? तो शब्दाकडे कान बंद करतो. आपण म्हणतो ऐकत नाही.

"ये"चं तसंच. "ये, ऐक ना", "ये बाई", "ये, चहा ठेव". शिवाय ये, दे, ने, घे ही सगळी एकाच आवाजाची भावंडं. इंग्रजी शब्द वापरणारे ह्यातून सुटतात, म्हणून आपल्याकडं पुष्कळ घरांत कुत्र्याला "सिट" आणि "कम" म्हणतात. त्यातही लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आजी "शीट" म्हणते, नातू "सिट डाऊन" म्हणतो, आणि पुन्हा तेच.

मी घरात कुणी एरवी म्हणत नाही असे शब्द निवडले. बसण्यासाठी "टेक". आईच्या "बूड टेक"मधून आला, लहान आहे, खटक्यात संपतो. बोलावण्यासाठी "यूऽऽ यूऽऽ". गावाकडं कुत्र्याला भाकरी टाकताना अशीच हाक मारतात, लांबवर जाते आणि रागात काढताच येत नाही, हा तिचा मोठा फायदा. तोंडातलं टाकायला "सोड". जागेवर राहायला "थांब". आणि खेळ संपला हे सांगायला "झालं". हा शेवटचा बहुतेक लोक विसरतात. मग कुत्र्याला कळत नाही की बसणं किती वेळ, आणि ते आपल्या मनानं उठतं.

शब्द ठरले की कागदावर लिहून फ्रीजवर लावा. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ ह्यातच गेला. वाघ्यानंतरच्या राणीला "टेक" चार दिवसांत आलं, वडिलांना महिना लागला.

तुकडे आणि जिभेचा टॉक

तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मोठा दिला की कुत्रं चावत बसतं आणि आधी काय केलं ते विसरतं. घरात शिकवताना ज्वारीच्या भाकरीचा वाळका तुकडा पुरतो. अंगणात उकडलेलं अंडं किंवा पनीर काढा. रस्त्यावर, जिथं दुसरी कुत्री आणि कोंबड्या आहेत, तिथं उकडलेलं चिकन किंवा कलेजी. म्हणजे भाकरी ही चिल्लर आणि कलेजी ही पाचशेची नोट, काम अवघड तशी मजुरी. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर हे जाऊ देऊ नका, तेवढं जेवण कमी करा. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण हे कुत्र्याला विषासारखं आहे. चिवडा, शेव, भजी ह्यांत मीठ आणि मसाला आलाच, आणि भज्यात बहुधा कांदाही.

आता टॉक. कुत्र्यानं बरोबर केलं त्या क्षणाला एक ठरलेला आवाज करायचा आणि मग तुकडा द्यायचा. आवाज फोटोसारखा, हा क्षण पकडला असं सांगणारा. रशियात इव्हान पावलोव्ह पचनाचा अभ्यास करत होते, त्याबद्दलच त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं. त्यांच्या लक्षात आलं की अन्न यायची खूण दिसली-ऐकली तरी कुत्र्याची लाळ सुटते. अमेरिकेत १९४० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्किनर ह्यांच्याकडे शिकलेल्या ब्रेलंड नवरा-बायकोनं हीच गोष्ट जनावरं शिकवण्याच्या धंद्यात आणली. बाजारात त्यासाठी क्लिकर, म्हणजे दाबलं की टिक वाजणारी डबी, मिळतो. आपल्याला तो विकत घ्यायची गरज नाही, बैल हाकताना जिभेनं जो आवाज काढतात तो फुकट आहे आणि हात मोकळे राहतात.

पहिल्या दिवशी काहीच शिकवू नका. टॉक, तुकडा. टॉक, तुकडा. पंधरा-वीस वेळा. टॉक ऐकून कुत्र्यानं मान वळवली की चलन सुरू झालं.

पहिला खेळ: टेक

तुकडा त्याच्या नाकाशी धरा आणि हळूच डोक्यावरून मागं न्या. नाक वर गेलं की बूड खाली जातं, शरीराची रचनाच तशी आहे. टेकलं की टॉक, तुकडा. पाठीवर दाबायचं नाही. दाबलं की कुत्रं उलट रेटतं, आणि शिकतं ते फक्त रेटायला. शब्द अजून म्हणायचा नाही. दहा-बारा वेळा हाताच्या इशाऱ्यानं जमायला लागलं की मग इशाऱ्याच्या आधी "टेक", आणि एकदाच. तीनदा म्हणाल तर त्याच्या लेखी शब्द "टेकटेकटेक" असा होतो.

तीन मिनिटं झाली की "झालं" म्हणून उठा. कुत्रं अजून मागत असताना उठा. नवीन माणसाला हे सगळ्यात जड जातं, कारण जमायला लागलं की आपल्यालाच चेव येतो, "अजून एकदा, अजून एकदा". ते अजून एकदा म्हणजेच खेळाचं काम होणं. वग रंगात आला असताना पडदा पाडणारा तमाशावाला दुसऱ्या दिवशी तंबू भरवतो, तसं.

रोजच करायला पाहिजे असंही नाही. डेन्मार्कमध्ये बीगल कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एक-दोनदा शिकवलेल्या कुत्र्यांना रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी धड्यांत तेच आलं. एकूण दिवस अर्थातच जास्त लागले. तेव्हा एखादा दिवस लग्नात गेला, ऊस तोडायला टोळी आली, परीक्षा आहेत, तर सोडून द्या. कुत्र्याच्या डोक्यातलं मधल्या दिवसांत वाहून जात नाही. धड्यानंतर मात्र जरा हुंदडू द्या. लॅब्राडोर कुत्र्यांवरच्या एका प्रयोगात शिकून झाल्यावर अर्धा तास खेळलेली कुत्री दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट आराम केलेल्यांपेक्षा लवकर करून दाखवत होती.

बोलावणं, आणि नामदेवांची गोष्ट

सगळ्यात महत्त्वाचा खेळ हाच. टेक नाही आलं तर फोटोत कुत्रं उभं दिसेल. हाकेला आलं नाही तर एक दिवस नांदेड रोडवर टिप्परखाली जाईल.

दोन माणसं माळवदावर किंवा बंद अंगणात दोन टोकांना बसा. एकानं हाक मारायची, आलं की टॉक, तुकडा, लाड. मग दुसऱ्यानं. कुत्रं मधे पळत राहतं आणि त्याला वाटतं दोन्हीकडून लॉटरी लागली. हळूहळू अंतर वाढवा, मग एकजण दाराआड लपा. लपलेल्या माणसाला शोधणं कुत्र्याला जेवढं आवडतं तेवढं लेकरांनाही आवडतं, म्हणून हा धडा मी बिनधास्त पोरांवर सोपवतो.

नियम दोन. हाकेनं आलेल्या कुत्र्याला कधीही रागवायचं नाही, दोन तास गायब होऊन चिखलानं माखून आलं तरीही. आणि वाईट गोष्टीसाठी ती हाक वापरायची नाही. अंघोळ, इंजेक्शन, साखळी ह्यासाठी आपण उठून त्याच्याकडे जायचं.

आता नामदेव. कुत्रं पोळी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन "कोरडी खाऊ नकोस देवा" म्हणत मागं धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. हिंगोलीजवळचं नरसी त्यांचं गाव मानतात, म्हणजे ते आपल्याकडचेच. पण नामदेवांना पोळी परत नको होती. तुम्हाला चप्पल परत पाहिजे. कुत्र्याच्या मागं धावणं हा कुत्र्याच्या जगातला सगळ्यात भारी खेळ आहे, आणि तुम्ही तो सुरू केलात तर ते उद्या मुद्दाम चप्पल उचलेल. उलट दिशेला पळा, टाळ्या वाजवा, जमिनीवर बसून काहीतरी सापडल्याचं नाटक करा. ते येईल. मग तुकड्याच्या बदल्यात चप्पल.

ओढाओढी

साडीची वेणी ह्यासाठी. "कुत्र्याशी रस्सीखेच खेळू नका, माजतं" असं सांगणारे भेटतील. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी १४ गोल्डन रिट्रिव्हर घेऊन हेच तपासलं. काही वेळा कुत्र्याला जिंकू दिलं, काही वेळा हरवलं. जिंकल्यानं कुत्री माणसावर वरचढ व्हायला लागली असं दिसलं नाही.

माझ्या लेखी तर शिकवण्यातला हा राजा आहे, कारण इथं खेळ आणि शिस्त वेगळी काढताच येत नाही. ओढा, दहा सेकंद रंगू द्या, मग हात एकदम ढिला आणि निर्जीव करा. मेलेल्या वेणीत कुत्र्याला रस राहत नाही. सोडलं की त्याच क्षणी टॉक, आणि बक्षीस म्हणून पुन्हा ओढाओढी. चार-पाच दिवसांत "सोड" शब्द जोडा. कुत्र्याला कळतं की सोडलं तर खेळ संपत नाही, सुरू होतो. पुढं कधी त्याच्या तोंडात हाडूक किंवा उंदीर मारायचं औषध लावलेला तुकडा असेल तेव्हा हाच शब्द त्याला वाचवतो. दात हाताला लागला तर "झालं" म्हणून उठून जा. रागवायचं नाही. चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत दुधाचे दात पडून नवे येतात, तेव्हा जोरात ओढू नका.

पोलिसांची हुंगणारी कुत्री बघून आपल्याला वाटतं, काय शिस्त आहे! १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या जंजीर नावाच्या लॅब्राडोरनं हुडकलेल्या स्फोटकांबद्दल आजही लोक बोलतात. पण अशी कुत्री तयार करायची जगभर रुळलेली रीत म्हणजे वासाला चेंडूशी जोडणं. वास सापडला की चेंडू. आरडीएक्स म्हणजे काय हे कुत्र्याला ठाऊक नसतं. घामानं भिजलेला हवालदार ड्यूटी करत असतो, कुत्रं चेंडू शोधत असतं.

दोरीवर चालणं: हे मात्र कामच

इथं मी खोटं बोलणार नाही. दोरी न ताणता चालणं कुत्र्याला निसर्गतः पटत नाही. त्याची चाल आपल्यापेक्षा वेगळी, त्याला डावीकडच्या खांबावर कालपासून कोण कोण येऊन गेलं ते वाचायचं असतं, आणि आपल्याला दूध आणायचं असतं.

ताण आला की थांबा. झटका नाही, शब्द नाही, बाभळीच्या झाडासारखं उभं राहायचं. दोरी ढिली झाली की चाला. पहिले चार दिवस दोनशे मीटरला वीस मिनिटं लागतील आणि शेजारी खिडकीतून बघतील. ह्यात खेळ आणायचा तर हुंगणं हीच मजुरी करा. दहा पावलं नीट चालला, की "जा, हुंग". फुकटातलं बक्षीस आहे, आणि कुत्र्याच्या दृष्टीनं कलेजीच्या खालोखाल.

घरात शी-शू न करायला शिकवणं हेही असंच, सगळं काम आपलं. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळलं की लगेच बाहेर. बाहेर केलं की तिथंच तुकडा. आत केलं तर पुसून टाका, गप्प. नाक घासणं, वर्तमानपत्रानं मारणं ह्यातून पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही, कपाटामागं करायचं.

खेळ चाललाय हे कसं ओळखायचं

कुत्रं स्वतः सांगतं. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला, शेपटीकडचा भाग वर, म्हणजे "चल, खेळू". तोंड सैल, अंग वळवळतं, तुकडा खाऊन पुन्हा तुमच्याकडे बघतं. हे दिसतंय तोवर चालू ठेवा.

जांभई, ओठ चाटणं, मान फिरवणं, अचानक खाजवणं, जमीन हुंगत सुटणं, डोळ्यांची पांढरी कड दिसणं, हे दिसलं तर काहीतरी बिनसलंय. एकटी जांभई झोपेचीही असेल. पण दोन-तीन खुणा एकत्र आल्या की एक सोपी गोष्ट करून घ्या, टॉक द्या आणि "झालं" म्हणा. नेहमी खाणारं कुत्रं तुकडा नाकारत असेल तर ते भ्यालेलं असतं नाही तर आजारी, हट्टी नसतं.

आणि स्वतःकडेही बघा. आवाज चढला, दात आवळले गेले, घड्याळाकडे लक्ष गेलं, तर त्या दिवशी तुमच्याकडून शिकवणं होणार नाही. चहा प्या.

हवा आणि माती

पुस्तकांत हे नसतं, कारण ती थंड देशांत लिहिलेली असतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या आसपास जातो आणि डांबरी रस्ता त्याहून कितीतरी तापतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याचे पाय भाजणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते थंड होतं. पहाटे सहाच्या आत बाहेरचं उरका, नाही तर घरात फरशीवर शिकवा. पाचच्या उन्हात वाघ्या जांभया का देत होता, ते आता सांगायला नको.

पावसाळ्यात काळी माती बोटांच्या बेचक्यात बसते आणि वाळली की खड्यासारखी टोचते. पाऊस उघडल्यावर कुसळं, कानात आणि पंजात शिरतात. गोचीड तर असतातच. कालपर्यंत उड्या मारत येणारं कुत्रं आज बसायला नाही म्हणालं तर आधी पंजे आणि कान बघा, मग स्वभाव.

जात, आणि गल्लीतले सल्लागार

लॅब्राडोरसाठी चेंडू हा देव आहे आणि कुठल्याही तुकड्यावर ते विकलं जातं, त्याच्यावर स्वतःला मोठा गुरू समजू नका. कारवानी किंवा पश्मी कुत्री वेगळी. डोळ्यांनी सावज टिपून पळण्यासाठी पिढ्यानपिढ्या जोपासलेली. दहादा तीच गोष्ट त्यांना नको असते, पाचव्या वेळेला ती क्षितिजाकडे बघायला लागतात. त्यांचा धडा दोन मिनिटांचा, आणि बक्षीस पळण्याचं ठेवा. काठीला चिंधी बांधून गरगर फिरवली तरी खूष. सशामागं मात्र सोडू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार आहे. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत ह्या कुत्र्यांच्या चालीकडे बघत उभी राहणारी माणसं दिसतात. तिथं एक तास उभं राहिलं तरी पुष्कळ कळतं.

गावठी कुत्रं सावध असतं, अनोळखी माणसाच्या हातचं आधी हुंगतं, मग विचार करतं. विश्वास बसायला वेळ लागतो. बसला की मात्र ते शब्दापेक्षा तुमच्या खांद्यावरून जास्त वाचतं.

"मालक कोण ते दाखवून द्या, लोळवा, मान धरा" म्हणणारे काका प्रत्येक गल्लीत असतात. ह्या सल्ल्याचं मूळ १९४७ मधल्या लांडग्यांच्या एका अभ्यासात आहे, आणि ते लांडगे एकमेकांना अनोळखी, पिंजऱ्यात कोंबलेले होते. 'अल्फा', म्हणजे कळपाचा दादा, हा शब्द आपल्या पुस्तकातून लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक ह्यांनी पुढं रानातले कळप पाहिले, आणि कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पोरं असतात असं १९९९ मध्ये लिहून तो शब्द मागं घेतला. काकांपर्यंत अजून ते पोचायचं आहे. वाद घालू नका, "होय काका" म्हणा आणि कुत्रं घेऊन घरात जा.

दिवसभर साखळीला बांधून संध्याकाळी दहा मिनिटं शिकवणं हेही जमत नाही. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवायचं टाळणं १९६० च्या प्राण्यांच्या क्रूरताविरोधी कायद्यात गुन्हा धरला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, नऊ तास खुंट्याला असलेलं कुत्रं सुटल्यावर आधी पळणार, मग लघवी करणार, मग पुन्हा पळणार. त्याला ते करू द्या. धडा त्यानंतर.

सातव्या-आठव्या महिन्यात

एक दिवस सगळं विसरतं. "यूऽऽ" म्हटलं की मान वळवून बघतं आणि पुढं चालायला लागतं. ह्याच टप्प्यावर लोक काठी शोधायला लागतात, किंवा कुत्रं गावाकडच्या शेतात सोडून येतात. वयात आलेलं असतं, एवढंच. वर्ष-दीड वर्षापर्यंत हे चालतं. दोरी लांब करा, आठ-दहा मीटरची, म्हणजे न ऐकण्याची सोयच राहणार नाही. रस्त्यावरच्या माद्या माजावर असतील त्या दिवसांत बाहेर शिकवायला जाऊ नका. नसबंदीचं डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि खेळ मागं न्या, पुन्हा माळवदावर, दार लावून, दोन माणसं दोन टोकांना, हातात भाकरीचे तुकडे.